आक्कासाहेबांच्या पिकअपची पेट्रोलदाब मोहीम

विदित व्हावे की, रोपवाटिकेच्या धनीण, कुंडीकुलभूषण आक्कासाहेब यांचे पदरी एक पिकअप गाडी, उमर तेवीस वर्षे, पत्रा जर्जर परंतु इमान शाबूत, तिणें ऐन रोपे भरल्यावर दगा दिला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

जाहले ऐसे की, आक्कासाहेबांनी रिवाजाप्रमाणे डॅशबोर्डाखाली लाथ घातली, कां की त्यावाचून गाडीस जाग येत नाही ऐसी त्यांची श्रद्धा, आणि आज घाईपायी दोन घातल्या, आणि मग किल्ली फिरविली, तो इंजिन नुसते खोकून निपचित पडिले. इतक्यात बंधू दादासाहेब, स्वतःची मोटार दुरुस्तीस टाकून बसने दाखल जाहले, आणि कोणी न पुसता भंगारवाल्यास चार वाजताचा वायदा देऊन मोकळे जाहले, आणि वर फर्माविले की, "आता कुठे जायचं असेल तर मला सांग, मी सोडीन." आक्कासाहेबांचे काळजात चर्र जाहले. भावाचे मोटारीत बसणे म्हणजे भावाचे वेळेस निघणे, भावाचे वाटेने जाणे आणि वाटभर भावाचे शहाणपण ऐकणे!

मग इंजिनवैद्य मिस्त्री यांस पाचारण जाहले. त्यांनी पेट्रोलच्या नळीस दाबाचे गेज जोडिले, आणि काटा चाळिसावर यावा तो शून्यावर ठाण मांडून बसला. तीनदा किल्ली फिरविली, तीनदा शून्य. मिस्त्रींनी निवाडा दिला की, टाकीतला पंप कामी आला, टाकी उतरवणे प्राप्त. दादासाहेब मिशीत हसले, आणि फाटकाशी भंगारवालाही येऊन ठेपला.

आक्कासाहेब खवळल्या. "अहो, नाडी न बघताच मेला म्हणता? आधी पंपाला वीज पोचते का ते तरी बघा!"

मिस्त्री डॅशबोर्डाखाली शिरले, आणि बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि मग आतून पृच्छा आली, "आक्का, गाडी सकाळी कुठे धडकली होती का?"

तेथे एक बटण असे. टक्कर होता ते उसळून पंपाची वीज तोडिते, आग लागो नये म्हणोन. ते उसळलेले, आणि शेजारचे पत्र्यावर बुटाचा ताजा ठसा.

आक्कासाहेबांनी आपले बुटांकडे पाहिले. "ती टक्कर माझीच. दाबा बटण."

बटण दबले, किल्ली फिरली, टाकीतून पंप गुणगुणला, आणि काटा चढत चढत चाळिसावर जाऊन खडा जाहला. दादासाहेबांनी नखाने गेज वाजवून पाहिले, काटा ढळेना. आक्कासाहेबांस आनंद मावेना, त्यांनी सर्वांदेखत बॉनेटचा मुका घेतला, आणि भंगारवाल्यास आल्या पावली परत जाण्याचा हुकूम सुटला. इंजिन पहिल्या हाकेस उठले.

इकडे दादासाहेबांची बस केव्हाच निघोन गेलेली. त्यांनी घसा खाकरून अर्ज गुदरिला की, वाटेत घराशी सोडावे. पुढचे आसनावर मिस्त्री गेज मांडीवर घेऊन विराजमान.

"सोडीन की," आक्कासाहेब वदल्या. "मागे चढ. आणि जास्वंदी धरून बस, वळणावर कलंडतात."

येणेप्रमाणे दाब चाळीस कायम, गाडी फत्ते, आणि दादासाहेब झुडपांत मुकाट रवाना जाहले, हे मोर्तब.