मोठ्या शिंगाचा भुंगा

आमच्या अंबडच्या सोसायटीत सकाळी जिन्याखाली कोणी गुडघे टेकून बसलेलं दिसलं, की ते बागूलकाका असतात आणि त्यांच्या हातात भुंगा असतो. साधासुधा नव्हे, गेंडा भुंगा. रात्री दिव्यावर येऊन आपटतात आणि सकाळी फरशीवर उताणे पाय झाडत पडलेले असतात, ते. काका त्याला दोन बोटांत उचलतात, खिशातून व्हर्निअर काढतात आणि शिंग मोजतात.

काकांची सगळी नोकरी कारखान्यात, क्वालिटीला गेली. रिटायर झाले तरी तपासणी काही सुटली नाही. शिंग आखूड आणि बुडाला तांबूस केस दिसले की म्हणतात, "मादी. रिजेक्ट," आणि तिला अलगद कुंडीत सोडतात. नराचं शिंग लांब, मागे वळलेलं. पण तोही सहजासहजी पास होत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा अंगठ्याएवढा, पॉलिश मारल्यासारखा काळाभोर भुंगा पुठ्ठ्यावरून नेऊन दिला, तर म्हणाले, शिंगाचं टोक घासलंय. पास झालेला भुंगा शर्टाच्या खिशात बसून आमच्या वरच्या मजल्यावर जायचा. पुढे त्याचं काय होतं, यावर सोसायटीत बरेच तर्क होते. विकतात म्हणे. औषध करतात म्हणे.

काकूंना पक्षाघात झालेला. बोलणं गेलेलं. त्या पलंगावरच असायच्या.

एका संध्याकाळी आमच्या बाथरूमचं छत गळतंय, हे सांगायला मी वर गेले. दार उघडंच होतं. काका पलंगाशी वाकून, तळहातावरचा भुंगा काकूंना दाखवत त्यांच्या नामपूरकडच्या बोलीत म्हणत होते, "देख वं, कितला मोठा शे."

मग त्यांनी तो चादरीवर सोडला. काकू नुसत्या बघत राहिल्या.

मला रागच आला. आजारी बाईला हे काय, असं मी विचारलं. काका ओशाळले. म्हणाले, लग्न झाल्यापासून ती या भुंग्यांना फार घाबरते. बोलणं गेल्यावर एकदा खिडकीतून आलेला एक अंगावर पडला, तर "आई गं" म्हणून ओरडली होती. अगदी स्वच्छ. त्यानंतर एक शब्द नाही.

"आवाज आहे तिचा, आत आहे," काका म्हणाले. "लहानाला आता भीत नाही ती. मोठा मिळायला पाहिजे."

आणि माझ्यासाठी पाणी आणायला ते स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात भुंग्याने पाठीची कवचं उघडली, आतले पातळ पंख पसरले आणि घोंगावत येऊन तो थेट माझ्या केसांत अडकला. मी किंचाळले.

आत पेला पडला. काका धावत आले ते सरळ पलंगाकडे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"शालू? बोलनी का तू?"

काकूंची नजर छताला होती. काका त्यांचा हात हातात धरून, त्यांच्या ओठांशी कान नेऊन थांबले. केसांत भुंग्याचे काटेरी पाय टोचत होते. मी हललेसुद्धा नाही.