तणाची लागवड

डेलबर्ट फँड्रिखच्या द्राक्षबागेत तण शोधायचं तर भिंग घेऊन जावं लागे. आमच्या लोडाय गावात हे लोक कौतुकाने बोलत, आणि थोडं जळूनही. आमच्याकडे माणसाची अब्रू त्याच्या बागेच्या ओळींवरून ठरते. रविवारी चर्च सुटलं की कुणी सरळ घरी जात नाही. गाड्या अगदी रमतगमत हाकत, काचा खाली करून, एकमेकांच्या बागा बघत लोक जेवायला पोचतात. कुणाकडे दोन बोटं गवत वाढलेलं दिसलं की गाडीतल्या गाडीत निकाल लागतो: एकतर बायको आजारी असणार, नाहीतर हा प्यायला लागला असणार. अख्खं गाव वाइनवर जगतं आणि पिणाऱ्याला नावं ठेवतं. आता असे आहोत आम्ही, त्याला काय करणार?

डेलबर्टच्या बागेतल्या झिनफँडेल जातीच्या काळ्या द्राक्षांच्या वेली त्याच्या आजोबांनी लावलेल्या. तारा नाहीत, मांडव नाही. बुटके, जाडजूड बुंधे मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे आपापल्या जागी. त्या म्हाताऱ्यांच्या पायाशी डेलबर्ट रोज खुरपं घेऊन बसलेला असे. त्याची बायको आर्डिस म्हणायची, "या माणसाने माझ्या केसांवरून कधी हात फिरवला नाही, पण मातीला मात्र रोज फणी करतो."

तर अशा या बागेवर येत्या सोमवारी जेसीबी फिरणार होता.

झालं होतं असं, की जगाने वाइन पिणंच कमी केलं. म्हातारे डॉक्टरांचं ऐकायला लागले आणि तरुण पोरं डब्यातलं फसफसणारं काहीबाही प्यायला लागली. ज्या बड्या कंपनीला डेलबर्ट जन्मभर द्राक्षं घालत होता, तिने फोनवर अतिशय गोड आवाजात "आता नको" म्हणून सांगितलं. गेल्या हंगामात सगळा माल वेलींवरच सुकला. शेजारीपाजारी एकेक करून वेली उपटून बदाम लावत होते. शेवटी डेलबर्टनेही जेसीबीवाल्याला सोमवारचं सांगून टाकलं, आणि तेव्हापासून तो ताटावर बसला की नुसता बघत राही. वेली उपटताना आपण बाहेर उभं राहायचं की घरात बसायचं, एवढंच त्याने एकदा आर्डिसला विचारलं. आर्डिसला आधी रडू आलं आणि मग सणसणीत राग आला. तिने डोळे पुसले आणि फोन हातात घेतला.

केस कापणाऱ्या बाईकडे तिला कळलं होतं की ओकलंडची एक मुलगी जुन्या वेली शोधत हिंडते आहे. नाव मारिसोल तकेदा. ही मुलगी एका गॅरेजात वाइन करते, द्राक्षं पायाने तुडवते आणि गाळत म्हणून नाही. आमच्याकडे जी वाइन कुणी बघत नाही असं बघून गटारात ओतली असती, ती तिकडे शहरात लोक रांगा लावून नेतात. मारिसोल रविवारी दुपारी यायला कबूल झाली, पण आधी तिने चौकशी केली. मातीला लोखंड लागलेलं तिला चालत नाही. माती जिवंत असते, तिला जखम होते. तण म्हणजे मातीचं पांघरूण, ते कुणी ओढून काढायचं नाही. वाढलंच फार तर मेंढ्यांनी चरावं. हल्ली वाइनच्या जगात सगळे असंच करतात म्हणे. आर्डिस आयुष्यात एकदोन वेळाच खोटं बोलली असेल, तेही पाककृती विचारणाऱ्या बायकांशी. ती म्हणाली, "आमच्याकडे अगदी तसंच आहे."

"तण आहे म्हणून सांगितलंस?" डेलबर्टने विचारलं.

"भरपूर आहे म्हणून सांगितलं."

"माझ्या बागेत?"

"हे बघ डेलबर्ट, सोमवारी एकतर जेसीबी येईल, नाहीतर येणार नाही. तुझ्या नाकाचं काय करायचं ते तू ठरव."

डेलबर्ट शनिवारी सकाळी फावडं घेऊन निघाला. फेब्रुवारीचे दिवस, रस्त्याकडेला मोहरी पिवळीधमक फुललेली. त्याने मोहरी उपटली, दुधाळी उपटली, नाव माहीत नसलेलं पण जन्मभर वैर धरलेलं बरंच काही मुळासकट उपटलं आणि पिकअप भरून बागेत आणलं. जो माणूस स्वप्नातही गवत काढायचा, तो आता गुडघ्यांवर बसून गवत लावत होता. पण हाताची सवय कुठे जाते? त्याने सगळं तण दोरी लावून एका ओळीत लावलं.

आर्डिसने कपाळावर हात मारला. तण असं कवायतीला उभं राहत नाही, जरा वेडंवाकडं लाव, असं तिने सांगून पाहिलं. वेडंवाकडं मला येत नाही, असं तो म्हणाला. मग ती पुढे जाऊन रोपं इकडची तिकडे करू लागली आणि तो मागून येऊन ती सरळ करू लागला. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली, पण बाग मात्र पिवळी झाली.

रविवारी उठून बघतात तर सगळ्या तणाने माना टाकलेल्या. आता आली का पंचाईत. डेलबर्टने चर्च बुडवलं आणि झारी घेऊन तणाला पाणी घालत बसला. वेळेचं भान राहिलं नाही. चर्च सुटलं आणि नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग रस्त्याने हळूहळू आली. सगळ्यात पुढे पास्टरची गाडी होती. ती थांबली, त्यामुळे मागच्याही थांबल्या. अख्ख्या गावाने डेलबर्ट फँड्रिखला दुधाळीच्या एका रोपाला टेकू देताना पाहिलं.

"सगळं ठीक आहे ना, डेलबर्ट?" पास्टरने अगदी हळू आवाजात विचारलं.

"ठीक आहे. जरा कोमेजलंय, पण धरेल."

पास्टरने डोक्यावरची टोपी काढली. मागच्या गाड्यांतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाग जाणार या दुःखाने डेलबर्टचं डोकं फिरलं, असं तिथल्या तिथे ठरलं. आमच्याकडे कुणाच्या घरी दुःख झालं की बायका चीजखाली दडवलेलं काहीतरी भट्टीत भाजून, झाकून घेऊन येतात. एकच्या सुमाराला फँड्रिखांच्या पायरीवर तशी भांडी मांडायला जागा उरली नाही. आर्डिस शरमेने अर्धी झाली. डेलबर्टला मात्र कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. ऊन लागून टोपी घामाने भिजलेली, ती त्याने वाळायला एका बुंध्यावर ठेवली आणि दोघं आत जेवायला बसली.

आता मेंढ्यांचं सांगायला हवं. मेंढ्या होत्या आर्डिसच्या भावाकडे, ऑर्विलकडे. हा ऑर्विल म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा आळशी. त्याच्या बागेतल्या गवतात एकदा त्याचा स्वतःचा कुत्रा हरवला होता. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून डेलबर्ट दर रविवारी मेव्हण्याच्या गवताची चौकशी करायचा: बरं वाढतंय ना, कापून गादी भरणार का, वगैरे. त्याच ऑर्विलपुढे त्याला मेंढ्या मागायला हात पसरावा लागला होता. ठरलं होतं ते असं, की मारिसोल आली, तिने तण डोळे भरून पाहिलं, की बरोबर तीन वाजता मेंढ्या सोडायच्या. म्हणजे तणही दिसेल आणि चरणंही दिसेल.

पण तीन वाजता टीव्हीवर मॅच होती. म्हणून ऑर्विल दीडलाच आला, अंगणात कुणी दिसेना, त्याने ट्रेलरचं दार उघडलं आणि तो सावलीत जाऊन बसला. मेंढ्या जरा मन लावून चराव्यात म्हणून त्याने त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. जन्मात एकदा माणसाने कामात लक्ष घातलं, ते असं.

जेवून दोघं बाहेर आली तेव्हा बागेत पिवळं काही उरलं नव्हतं. हिरवंही नव्हतं. डेलबर्टने केलेली सगळी लागवड मुळासकट फस्त झाली होती आणि माती पूर्वीसारखी लख्ख दिसत होती. बर्निस नावाची एक थोराड मेंढी शेवटचं दुधाळीचं रोप चघळत उभी होती. ते संपलं तसा तिने बुंध्यावरच्या टोपीला तोंड लावलं.

"तीनला सांगितलं होतं," डेलबर्ट म्हणाला.

"तीनला मॅच आहे. आणि तुला गवत काढूनच हवं होतं ना?"

"लावलं होतं रे ते. मी लावलं होतं."

ऑर्विलने बहिणीकडे पाहिलं. मग तिला बाजूला घेऊन, हे असं त्याला कधीपासून होतंय, म्हणून विचारलं. उत्तर द्यायला आर्डिसला सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात एक आवाज न करणारी गाडी फाटकातून आत आली.

मारिसोल उतरली ती थेट बागेत गेली. ती गुडघ्यांवर बसली, तिने मूठभर माती उचलून हुंगली. मेंढ्यांनी सगळीकडे लेंड्या टाकल्या होत्या आणि खुरांच्या ठशांखाली खुरप्याची खूण कुठे दिसत नव्हती. या बुंध्यापासून त्या बुंध्यापर्यंत ती गेली, वाकली, पाहिलं, पुढे गेली. डेलबर्टला वाटलं, संपलं. उद्या बाहेरच उभं राहायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. आजोबांच्या वेली जाताना घरात बसणं बरं दिसत नाही.

"इतकी स्वच्छ चरलेली बाग मी कुठे पाहिली नाही," मारिसोल शेवटी म्हणाली. "बुंध्याच्या बेचक्यातसुद्धा काडी नाही. हे माणसाच्या हातून होणं शक्य नाही."

आर्डिसने डेलबर्टच्या पायावर पाय दिला. पण जन्मभराची मेहनत त्याच्या डोळ्यांदेखत मेंढ्यांच्या नावावर चढत होती, आणि पायावरचा पाय काही इतका जड नव्हता.

"हे मेंढ्यांनी नाही केलं," तो म्हणाला. "हे मी केलंय. माझ्या बापाने आणि मी. गुडघ्यांवर बसून, एकेक काडी."

आर्डिसने डोळे मिटले. ऑर्विलसुद्धा उठून उभा राहिला. मारिसोल डेलबर्टकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"खरा शेतकरी असाच असतो," ती म्हणाली. "जनावर वेगळं आणि आपण वेगळे, असं तुम्ही धरतच नाही."

डेलबर्टला यातलं काही समजलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं.

"हो," आर्डिस घाईने म्हणाली, "हा पहिल्यापासूनच मेंढरू आहे."

मारिसोलने सगळी द्राक्षं घ्यायचं कबूल केलं, यंदाची आणि पुढचीही. अट एकच, की जे चाललंय ते तसंच चालू राहिलं पाहिजे. मातीला लोखंड लावायचं नाही, आणि ती टोपी खाणारी मेंढी इथून हलवायची नाही. तिने अर्धी टोपी तोंडात धरलेल्या बर्निसचा फोटोही काढून घेतला. ऑर्विलने हे सगळं ऐकलं होतं. त्याने बर्निसच्या बदल्यात पैसे मागितले नाहीत. चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्या गवताबद्दल डेलबर्टने पुन्हा अवाक्षर काढायचं नाही, एवढंच त्याने पास्टरच्या साक्षीने कबूल करून घेतलं. डेलबर्टला पैसे परवडले असते.

सोमवारी जेसीबीवाला आला तो दोन भांडी जेवण घेऊन परत गेला.

पुढच्या वसंतात वाइनची पेटी घरी आली. बाटलीवर बर्निस होती, तोंडात टोपी धरलेली. ही बाग बर्निस राखते, असं खाली छापलं होतं. टोपी कुणाची, हे छापलं नव्हतं. डेलबर्टने एक घोट घेतला, तो तोंडात घोळवला आणि बिघडलीय म्हणाला. आर्डिसने त्याला गप्प बसायला सांगितलं, कारण शहरात ती संपलीसुद्धा होती. शनिवारी शनिवारी ओकलंडहून गाड्या भरून माणसं बर्निसला बघायला येऊ लागली. येताना कुणी बिस्किटं आणी, कुणी सफरचंदं सोलून आणी. बर्निसची जीभ इतकी सोकावली की गवत समोर धरलं तरी ती तोंड फिरवू लागली. इकडे बागेत तण वाढायचं ते वाढतच होतं. खुरपं तर शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं. त्याला हात लावायची सोय नाही.

एका सकाळी मारिसोलचा फोन आला. सगळं क्षेमकुशल झालं. मग तिने, बर्निस कशी आहे, काम करतेय ना नीट, म्हणून विचारलं.

आर्डिसने खिडकीतून बाहेर पाहिलं. बर्निस सावलीत पाय पसरून झोपली होती. तिच्यापासून चार हातांवर डेलबर्ट गुडघ्यांवर बसून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, हाताने एकेक काडी उपटत होता. कितीतरी महिन्यांनी तो शीळ घालत होता.

"काम झकास चाललंय," आर्डिस म्हणाली. "फक्त हल्ली गुडघे दुखतात म्हणते."