कातरणीचा रिटेक

सिंचन खात्यात छत्तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो तेव्हा औरंगपुऱ्यातल्या आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मी आजवर तीनदा लेखी दिलं आहे. अशा अनुभवी माणसाला एका वाहिनीने 'स्थानिक समन्वयक' नेमलं, यात नवल काहीच नव्हतं.

कार्यक्रमाचं नाव 'कॅमेरा तुझा, नशीब तुझं'. राज्यभरातून एक नवखा दिग्दर्शक निवडायचा, त्याला वीस दिवसांत सिनेमा करायला लावायचा आणि तो कसा होतो हे जनतेला रोज दाखवायचं. निवड झाली माझ्या पुतणीची, नीरजाची. त्यात माझा हात नव्हता, हेही लेखी देतो.

नीरजा आर्किटेक्ट. देवगाव रंगारीचा कडूबा दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन शहराच्या कडेला चारायला यायचा. त्या वर्षी आला तर गायरानावर नव्या वसाहतीची कमान उभी, आणि कमानीचा नकाशा नीरजाचा. तिला वाईट वाटलं. आमच्या घरात वाईट वाटलं की माणसं उपास करतात, हिने सिनेमा लिहिला.

सिनेमात गोष्ट अशी फार नव्हती. चारा नाही, पाणी नाही, पोरं कंपनीत लागलेली, म्हणून कडूबा चौसष्ट मेंढरांचा कळप विकणार होता. विकण्याआधी शेवटची कातरणी. ती अथपासून इतिपर्यंत टिपायची, एवढाच सिनेमा. कडूबाने दुसरं काही मागितलं नाही. "नातवंडांला दावता यील पंत," तो मला म्हणाला, "की आपल्याकं काय व्हतं."

पहिला दिवस सुरळीत गेला. नीरजा दिग्दर्शन करत होती, तिचा कॉलेजपासूनचा मित्र देवेश कॅमेरा चालवत होता, आणि दोघांचं प्रत्येक गोष्टीवर एकमत होत होतं. वाहिनीच्या कार्यालयात चिंतेचं वातावरण पसरलं. संध्याकाळी दोघांना कारणे दाखवा नोटीस आली: 'आपणांत दिवसभरात एकही मतभेद झाल्याचे आढळून येत नाही. याबाबत समाधानकारक खुलासा न केल्यास कारवाई करण्यात येईल.'

तिसऱ्या दिवशी मुंबईहून नाट्यवृद्धी अधिकारी दाखल झाले. तिशीतला माणूस, गळ्यात दोन चष्मे, आवाज अत्यंत मऊ. त्यांनी माझ्या हातात एक तक्ता दिला. रोजचे अश्रू, रोजचे अबोले, दार आपटण्याच्या घटना, असे रकाने होते. देवगावात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि तिला दार नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दार बसवण्यात आलं.

त्यानंतर उपाययोजना सुरू झाल्या. देवेशच्या बॅटऱ्या नीरजाच्या पिशवीत सापडू लागल्या. नाश्त्याला दोघांत एकच ताट येऊ लागलं. ती दोघं बॅटऱ्या परत करत आणि ताटातलं अर्धं अर्धं खात, तेव्हा वाहिनीने सिनेमाचा ध्वनिमुद्रक काढून घेतला आणि 'मन मोकळं करा' या खोलीत बसवला. सिनेमाकडे एक कॅमेरा उरला, कार्यक्रमाकडे सात झाले. नीरजाने विचारलं, "काका, सिनेमा नक्की कोण करतंय?" मी म्हटलं, "वरिष्ठांना विचारून सांगतो." हे वाक्य मी छत्तीस वर्षं वापरलं आहे, त्याने कधी दगा दिला नाही.

सतराव्या दिवशी कातरणी होती. कातरण्याआधी मेंढरं धुवावी लागतात आणि तलावात तर भेगा पडलेल्या. म्हणून नीरजाने भांडून एक टँकर मंजूर करून घेतला. अर्ध्या पाण्यात मेंढरं धुवायची, उरलेलं गावातल्या बायांना द्यायचं, असं ठरलं. सकाळपासून हंडे रांगेत लागले होते. पहिला हंडा कडूबाच्या बायकोचा, म्हाळसाबाईचा.

मेंढरं धुऊन वाळली. कडूबाने डोक्याला नवा रुमाल बांधला होता. खंडोबाचं नाव घेऊन त्याने कातरीवर भंडारा टाकला आणि नीरजाला म्हणाला, "माय, आता एक ध्यानात ठेव. भंडारा पडला की हात थांबवायचा नाय. शेवटचं मेंढरू होईस्तोर. आमच्या बापजाद्यानं कधी थांबवला नाय."

"नाही थांबणार बाबा," नीरजा म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून हात जोडून म्हणाली, "मला फक्त तीन तास द्या. कुणी बोलू नका. हे परत होणार नाही."

पहिली मेंढी कबरी होती. कडूबाने तिला हलकेच आडवी केली, गुडघ्याखाली धरली, आणि कातरीचा पहिला आवाज आला. त्याच क्षणी नाट्यवृद्धी अधिकारी सोनेरी लिफाफा घेऊन पुढे आले आणि मऊ आवाजात वाचू लागले: "या क्षणापासून दिग्दर्शनाची जबाबदारी नीरजाकडून काढून देवेशकडे देण्यात येत आहे. ही मागणी देवेशने स्वतः केली होती."

देवेशने मागणी केली नव्हती. 'मन मोकळं करा' खोलीत 'संधी मिळाली तर आवडेल का' असं विचारल्यावर तो सभ्यपणे 'हो' म्हणाला होता, एवढंच. पण नीरजा वळली. देवेशही कॅमेरा सोडून वळला. इतक्या दिवसांच्या अर्ध्या ताटांची भूक एकदम बाहेर पडली. ती त्याला जे म्हणाली, ते ऐकून तंबूतला आचारीसुद्धा बाहेर आला. ते वाक्य मी योग्य ठिकाणी देईनच.

भांडण दोन तास पन्नास मिनिटं चाललं. साती कॅमेरे भोवती फिरत होते. सिनेमाचा कॅमेरा मोकळाच उभा दिसला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तोही भांडणाकडे वळवून घेतला. वळवायला हात मी लावला. समन्वय हे माझं कामच होतं.

मागे कडूबा कातरत होता, जोडीला त्याचे चार भाऊबंद होते. एक मेंढरू सोडायचा, दुसरं ओढायचा. तो मधून मधून मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होता आणि कॅमेऱ्याची पाठ बघून परत मान खाली घालत होता. हात त्याने थांबवला नाही. चौसष्टावं मेंढरू उठून उभं राहिलं तेव्हा नीरजाला मागे काय झालं ते दिसलं.

"उत्तम!" अधिकारी म्हणाले. "आता कातरणीचा रिटेक घेऊ."

कडूबा घाम पुसत म्हणाला, "सायेब, लोकर उगवाया सा म्हैनं लागत्यात."

"अंतिम भाग शुक्रवारी आहे."

"मंग मेंढरांला सांगा. माझं नाय ऐकायची."

मुंबईला फोन झाले. तज्ज्ञांचं मत पडलं की कातरलेली लोकर डिंकाने परत चिकटवावी. रंगभूषाकाराने कबरीला धरलं. अर्ध्या तासाने कबरी एका अंगाने मेंढी आणि दुसऱ्या अंगाने गादी दिसू लागली, म्हणून प्रस्ताव स्थगित झाला. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की भांडणात नीरजाचे अश्रू नीट दिसलेले नाहीत, आणि पावसात रडणं नेहमीच उठून दिसतं. टँकरमध्ये अर्धं पाणी होतं. नळी उलटी धरून नीरजावर पाऊस पाडण्यात आला. दोनदा, कारण पहिल्यांदा थेंब बारीक पडले.

म्हाळसाबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन हे बघत होती. "बारा म्हैनं झाले, आमच्या शेतावर नाय आला," ती म्हणाली. "तुमच्या भांडणाला मातर बरा आला." तिचं हे बोलणं चांगलं ध्वनिमुद्रित झालं होतं, पण ते भांडण नसल्यामुळे वगळलं.

अंतिम भाग क्रांती चौकात मोठ्या पडद्यावर दाखवला. त्याआधी जनतेची मतं मागवली होती: नीरजाला कातरणीसाठी सहा महिने द्यावेत, की पुढच्या पर्वात तिला आणि देवेशला पुन्हा समोरासमोर आणावं? शंभरातल्या सत्त्याण्णवांनी समोरासमोर म्हटलं. उरलेली मतं सिनेमाला पडली. त्यातलं एक नीरजाचं होतं. माझं नव्हतं, कारण कर्मचाऱ्यांना मनाई होती.

कडूबा आणि म्हाळसाबाई जीप करून आली होती, सोबत दोन नातवंडं. पडद्यावर दोन माणसांच्या उंचीएवढं भांडण चालू होतं. प्रेक्षकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून मागचं सगळं पुसट केलं होतं.

"पंत, आमी कुठं हाय?" कडूबाने विचारलं.

मी बोट दाखवलं. देवेशच्या कानामागे एक पांढुरका ठिपका हलत होता. कडूबा बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला.

"व्हय," तो नातवाला म्हणाला. "ती कबरी. तिच्यापसून सुरुवात केली व्हती." नातू म्हणाला, "कुठं?" आणि तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली.

मला खरंच लाज वाटली. तरी पुढच्या पर्वासाठी मी होकार कळवला आहे.

रोज फोन येतात. नीरजा-देवेशचं जुळलं का, ती त्याला नेमकं काय म्हणाली, खरंच म्हणाली की लिहून दिलं होतं. शिकलेली, सिनेमाची जाण असलेली माणसं विचारतात. चौसष्ट मेंढरांचं काय झालं, कुणी नेली, कडूबा आता काय करतो, हे अद्याप एकानेही विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही. तुम्ही त्या वाक्यासाठी इथवर आलात.