चार बोटं उतार

नळी घ्यायची नाही, एवढंच मिस्त्रीनं ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातनं झालं. (मिस्त्रीला विचाराल तर सगळं पावसानं केलं.)

पाऊस तरी कसला म्हणायचा हा! ऐन उन्हाळा. या दिवसांत माणसानं सावली शोधत फिरायचं, तर अकरा दिवस आभाळ नुसतं गळत होतं. एखाद्या गवंड्याच्या स्लॅबनं अशी गळती दाखवली असती, तर मिस्त्रीनं त्याला शिडीवरून खाली ओढला असता. गावाबाहेर पिकं आडवी झाली होती, बांध कुठला नि वाट कुठली ते कळत नव्हतं, आणि रेडिओवरचा माणूस रोज सकाळी गोड आवाजात ‘तुरळक सरी’ म्हणत होता. मिस्त्री रोज रेडिओला उत्तर द्यायचा. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण ती शेतं दुसऱ्यांची. मिस्त्रीच्या घरात प्रश्न होता तो परसातल्या सहा वाफ्यांचा. त्या वाफ्यांत बटाटे होते आणि बटाट्यांवर घोट्याएवढं पाणी होतं.

आता सहा वाफे बटाट्यांसाठी एवढं रडायचं काय, असं कुणाला वाटेल. त्यानं मिस्त्रीच्या बायकोला विचारावं. मिस्त्रीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची घरं बांधण्यात गेलं. काम तिथं मुक्काम. कधी पत्र्याच्या खोपटात, कधी अर्ध्या घरात, जिथं खिडक्यांची भोकं आहेत पण खिडक्या नाहीत. बायको जाईल तिथं काहीतरी लावायची. मिरची लाव, वांगी लाव, भिंतीकडेला एखादा वेल चढव. आणि वेलाला फूल दिसलं, की इकडं घराला रंग लागायचा. मालक राहायला यायचा, आणि ही दोघं बोचकी बांधून पुढच्या कामावर. चाळीस वर्षं तिनं लावलं आणि दुसऱ्यांनी खाल्लं. तिनं कधी कटकट केली नाही. (केली. पण मिस्त्री काँक्रीटच्या मिक्सरपाशी असायचा, ऐकू यायचं नाही.)

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीनं गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलं आणि दोघं स्वतःच्या घरात राहायला आली. आणि यंदा तिनं बटाटे लावले. स्वतःच्या जमिनीत, स्वतः खायला. काढायला पंधरा दिवस उरले होते, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

“दोन दिवस असंच पाणी राहिलं तर आतल्या आत कुजतील,” ती दारात उभी राहून म्हणाली. आवाज शांत होता. मिस्त्रीला तिच्या आरडाओरड्याची भीती कधीच वाटली नाही. शांत आवाजाची वाटायची.

“चर काढतो,” मिस्त्री म्हणाला. “घराच्या कडेनं थेट रस्त्याच्या गटारात. दुपारपर्यंत परस कोरडं. गॅरंटी.”

कुंपणापलीकडून छत्री हलली. छत्रीखाली शेजारचा कंपाउंडर होता. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेला, किडकिडीत, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय त्यावर रोज दोन डोस सल्ला देणारा.

“मिस्त्री, रस्ता उंच आहे हो.”

“कुणी सांगितलं?”

“मला वाटतं तसं. तुम्ही मागं ओढ्याकडं काढा चर.”

“मागं काटेरी कुंपण आहे. ते काय तुम्ही दातांनी तोडणार?”

“मग निदान आधी लेव्हल तरी बघा. माझ्याकडं सलाईनची नळी आहे, चांगली लांब. पाणी भरायचं, एक टोक इथं धरायचं, एक तिथं. दोन मिनिटांचं काम.”

मिस्त्रीचं डोकं तिथंच सटकलं. नळीनं लेव्हल बघतात हे त्याला काय माहीत नव्हतं? उमेदवारी करणारी पोरं बघतात नळीनं. ज्याला अंगठ्यानं प्लास्टर सरळ कळतं, तो कशाला बघेल? आणि तीही सलाईनची! म्हणजे उद्या भिंतीला इंजेक्शन द्या म्हणाल.

“कंपाउंडर, चाळीस वर्षं डोळ्यानं लेव्हल काढलीय मी. डोळ्यानं!”

“अहो, घ्या ना नळी,” बायको म्हणाली. “देतायत तर.”

“तू पण?”

मिस्त्री परसाच्या कोपऱ्यात चिखलात उकिडवा बसला. एक डोळा मिटला. हनुवटी जमिनीला टेकेल इतका वाकला. मग उठला आणि निकाल दिला. “परसातून रस्त्याकडं चार बोटं उतार. पुरी चार. साडेतीन नाही.”

बायकोनं रस्त्याकडं बघितलं, परसाकडं बघितलं, आणि चहा ठेवायला आत गेली.

मिस्त्री खणत सुटला. सकाळपासून दुपारपर्यंत, डोक्यावर खताचं पोतं घेऊन, पस्तीस पावलं लांब आणि दीड हात रुंद. चर कसा म्हणाल, तर बघत राहावं. कडा सुतासारख्या. तळाला खोरं फिरवून गुळगुळीत केलेला. दोनदा बायको चहा घेऊन आली आणि छत्री तिनं चहावर धरली, मिस्त्रीवर नाही. “तुम्ही भिजलेलेच आहात,” म्हणाली. कंपाउंडर अधूनमधून कुंपणापाशी येऊन नुसताच खोकत होता. मिस्त्रीनं ते खोकणं ओळखलं होतं. दवाखान्यात पेशंट औषध घ्यायला नाही म्हणाला की कंपाउंडर तसाच खोकायचा.

शेवटी गटारापाशी फक्त एक ढेकळाचा बांध राहिला. मिस्त्रीनं दोघांना बोलावून घेतलं. (नसतं बोलावलं तर बरं झालं असतं, पण साक्षीदार नसले तर काम करून उपयोग काय?)

“बघा हां,” म्हणाला, आणि खोऱ्याच्या एका घावात बांध फोडला.

पाणी निघालं. मिस्त्रीची छाती फुगली. एक पिवळं पान चरात पडलं होतं, ते डुलत डुलत निघालं. फक्त ते गटाराकडं न जाता घराकडं निघालं.

तिघंही त्या पानाकडं बघत राहिली.

“सुरुवातीला जरा मागं घेतं,” मिस्त्री म्हणाला. “प्रेशर असतं.”

पानामागून एक प्लास्टिकची बाटली आली. बाटलीमागून कुणाचीतरी निळी चप्पल आली, एकच. मग सगळ्या रस्त्याचं तांबूस, घाण, खळखळतं पाणी मिस्त्रीच्या गुळगुळीत चरातून, कुठंही न अडखळता, परसात शिरायला लागलं. असा सुंदर चर त्या पाण्याला जन्मात मिळाला नव्हता.

“मिस्त्री,” कंपाउंडर म्हणाला, “किती बोटं म्हणालात?”

“बटाटे!” बायको ओरडली, आणि पदर खोचून मागं पळाली.

मिस्त्रीनं चिखल लोटला. वाहून गेला. विटा टाकल्या, विटांच्या फटींतून पाणी यायला लागलं. पोतं कोंबलं, तेही चपलेच्या मागं गेलं. घरातला जुना कपाटाचा दरवाजा आणून आडवा लावला, तो कंपाउंडरच्या पायावर पडला. शेवटी दुसरं काही हाताला लागेना, तेव्हा मिस्त्री स्वतः गटाराकडं पाठ करून चराच्या तोंडात बसला.

आणि पाणी थांबलं. चर दीड हात, मिस्त्रीची बैठक दीड हात. ते माप मात्र दोरा लावल्यासारखं नेमकं आलं होतं.

“हलू नका!” परसातून बायको.

“हलतोय कुठं!”

“मी सगळे काढतेय. आत्ताच. कंपाउंडरभाऊ, बादली धरता का?”

“अगं, पंधरा दिवस आहेत अजून! बारीक असतील!”

“बारीक तर बारीक. कुजलेल्यापेक्षा बरे. तुम्ही हलू नका म्हणजे झालं.”

ती गुडघ्याएवढ्या चिखलात बसली आणि हातानं उकरायला लागली. कंपाउंडर लंगडत बादल्या वाहायला लागला. मिस्त्रीच्या पाठीवर अख्ख्या रस्त्याचं पाणी थडाथडा आपटत होतं आणि मानेवरून आभाळातलं गळत होतं. वरून आणि मागून, दोन्हीकडून पावसानं त्याला गाठलं होतं.

पोस्टमन सायकल ढकलत आला, थांबला.

“मिस्त्री, इथं का बसलात?”

“हवा खातोय.”

“आत बसा की. भिजताय.”

“तुझं पत्र टाक आणि चालता हो.”

“पत्र नाहीये. विचारलं आपलं,” पोस्टमन म्हणाला, आणि बराच वेळ गेलाच नाही.

दोन तास झाले. दुसरा वाफा संपला, तिसरा संपला. मधेच बायको बादली ओतायला पुढं आली आणि मिस्त्रीपाशी थांबली. चिखलानं माखलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिनं बादली खाली ठेवली.

“मला दिसत नाही नीट,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. जास्तच.”

“माहितीये.”

“गुडघ्यामुळं नाही सोडलं काम. शेवटच्या कामावर भिंत बांधली, ती पाडायला लावली त्यांनी. सगळ्या पोरांसमोर. वाकडी म्हणाले. मला सरळ दिसत होती गं.”

“तेही माहितीये.”

“कशावरनं?”

“दोन वर्षं शर्टाचं एक बटण वर आणि एक खाली लावताय. चहा ओतता तो कपाच्या शेजारी. आणि गुडघे दुखणारा माणूस सकाळपासून पस्तीस पावलं चर खणत नाही.”

मिस्त्रीनं शर्टाची बटणं चाचपली. उठूनही जाता येत नव्हतं.

“मग मघाशी का बोलली नाहीस? लेव्हल बघताना?”

“बोलले. नळी घ्या म्हटलं.” तिनं बादली उचलली. “परवा डोळे दाखवायला यायचं. हो म्हणा, नाहीतर मी आत जाते आणि तुम्ही बसा इथंच, पाऊस थांबेपर्यंत.”

रेडिओच्या हिशेबानं पाऊस रोजच थांबत होता. मिस्त्री हो म्हणाला.

पहिले दोन वाफे गेलेच होते, हातात घेतला की बटाटा पिठासारखा फुटायचा. उरलेल्या चारांतून निघाले ते कुठं लिंबाएवढे, कुठं गोटीएवढे. सगळ्या घरात फरशीवर पसरले, फरशी पुरेना तेव्हा पलंगावर पसरले. कंपाउंडरला एक बादली दिली, ती त्यानं तीन वेळा नको म्हणत घेतली. मग तिनं एक पातेलंभर उकडले. सालासकट, नुसतं मीठ लावून दोघं चुलीपाशी बसून खायला लागली.

तिनं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. मिस्त्री चोरून तिच्याकडं बघत होता.

“आपले आहेत,” ती म्हणाली, आणि तिसरा घेतला.

मिस्त्रीनं आपल्या ताटलीतला त्यातल्या त्यात मोठा शोधला (त्यासाठी त्याला बोटांनी चाचपावं लागलं) आणि तिच्या ताटलीत ठेवला. चाळीस वर्षांत याहून लांबलचक माफी त्यानं कधी मागितली नव्हती.

दोन दिवसांनी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. पायऱ्या चढताना मात्र मिस्त्रीला पुन्हा जीव आला. त्यानं भिंतीवर हात थोपटला. “हा दवाखाना मी बांधलाय. वीस वर्षं झाली, तेव्हा डोळे कसे लख्ख होते माझे! सांगतो आता डॉक्टरला.”

डॉक्टरीणबाई तरुण होती, हसरी होती. तिनं मिस्त्रीला चाकाच्या स्टुलावर बसवलं, डोळ्यांत उजेड मारला, भिंगं बदलली, अक्षरं वाचायला लावली. मिस्त्रीनं अक्षरं येत नाहीत म्हणून सांगितलं, तर तिनं रेघा दाखवल्या.

“मोतीबिंदू आहे, आजोबा. तो काढू, काळजी नको. पण त्याशिवाय डोळ्यांचा नंबर तिरका आहे, तो आत्ताचा नाही हो. तो लहानपणापासूनचा. सरळ रेघ तुम्हाला आयुष्यात कधी सरळ दिसलीच नसेल.”

बायकोनं हळूच मान वर करून समोरच्या भिंतीकडं बघितलं. मग छताकडं. मग मिस्त्रीकडं.

“काम काय करायचात तुम्ही?” डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहायला पेन उचललं.

मिस्त्रीनं तोंड उघडलं.

“बटाटे लावतो आम्ही,” बायको म्हणाली.

“वा! मग ठीक आहे. त्यात थोडं इकडंतिकडं चालतं.” तिनं लिहून घेतलं. “आजोबा, इतके घट्ट पाय रोवून का बसलात? सैल सोडा. उचला पाय. शांत बसा.”

मिस्त्रीनं पाय उचलले. स्टूल एक क्षण थांबलं, आणि मग त्याला घेऊन आपलं आपण, अगदी सावकाश, खिडकीकडं निघालं. जाऊन भिंतीला टेकलं.

“घाबरू नका,” डॉक्टरीणबाई हसली, “सगळे पेशंट तिकडंच जातात. हा दवाखाना ज्यानं बांधला ना, तो माणूस मला एकदा या स्टुलावर हवाय.”