धकाते सरांची मारबत

आमच्या शाळेत बाकीचे शिक्षक मुलांचे मोबाइल जप्त करतात. धकाते सर खोडरबर जप्त करतात.

थट्टा नाही करत. चित्रकलेच्या तासाला वर्गात शिरले की सर आधी बाकांमधून हात पुढे करून एक चक्कर मारतात. "काढा, काढा. रबर काढा." पेन्सिलीच्या टोकाला रबर असेल तर पेन्सिलही जाते. "चुकलं त चुकलं. आता त्या चुकीले शेपूट काढा, पाय काढा, काहीतरी करा तिचं. पण पुसाचं नाही!" मागे एका पोराचा आंबा इतका बिघडला की शेवटी त्याची गाय झाली, आणि त्या गाईला तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. तेव्हापासून तर सरांपुढे बोलायची सोयच उरली नाही.

अंगानं काडी, आवाज मात्र लाउडस्पीकर. इतवारीहून मनीषनगरपर्यंत जुन्या स्कूटरवर येतात. उन्हाळ्यात नागपूरचे सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, पण सरांचा दुपट्टा बाराही महिने गळ्यात. त्यानंच ते फळा पुसतात, त्यानंच ब्रश, आणि पहिलीचं एखादं पोर समोर आलं तर त्याचं नाकही त्यानंच. कोणता कोपरा कशाचा, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

त्यांच्याशी भांडता येत नाही, ही माझी मुख्य तक्रार. मी विज्ञान शिकवते, माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून, मधली भिंत नावाला. माझं डोकं जरा लवकर तापतं. "सर, तुमच्या वर्गाचा गोंधळ माझ्या फळ्यापर्यंत येतो," असं मी कितीदा तरी कडाडले असेन. सर शांतपणे मान हलवतात आणि म्हणतात, "हाव न. मंग?" आता या 'मंग'ला काय उत्तर देणार? बाप्पा! आपणच पाय आपटत परत यायचं.

यंदा जूनमध्ये मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सभेत एक पत्र वाचून दाखवलं. 'विद्यार्थी मनःस्वास्थ्य व लवचिकता उपक्रम.' नववीला आठवड्यातून एक तास. लवचिकता म्हटल्याबरोबर सगळ्यांनी खेळाच्या सरांकडे पाहिलं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. इंग्रजीचा पोर्शन मागे, गणिताचा त्याहून मागे, माझं प्रयोगशाळेचं काम बाकी. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत धकाते सरांवर आल्या. चित्रकलेचा कुठं बोर्डाचा पेपर असतो! मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही घ्याल का?"

सर म्हणाले, "हाव न. मंग?"

ही संमती समजण्यात आली.

मी वरवर हसले, पण आतून माझा जीव त्या तासात अडकला होता. माझी केतकी नववीत, याच शाळेत. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डबा भरून तयार, दप्तर भरून तयार, आणि ही पलंगावर पोट धरून बसलेली. ओवा झाला, हिंग झाला, आजेसासूबाईंच्या काळातला कुठला तरी काढा झाला. मग धंतोलीत दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल आल्यावर माणसाला आनंद व्हावा की नाही? मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले. काही निघालं असतं तर औषध तरी मिळालं असतं. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती, बोलत नव्हती, आणि मी जितकं खोदून विचारावं तितकी मिटत होती.

शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकानं एकेक औषध सुचवलं. धकाते सरांनी फक्त विचारलं, "मॅडम, सुट्टीच्या दिवशी दुखते का?"

"नाही."

"हं," म्हणाले आणि दुपट्ट्यानं चष्मा पुसू लागले. मला इतका राग आला! हं म्हणजे काय?

उपक्रमाची ओळख करून द्यायला तो चालवणाऱ्या संस्थेची एक मुलगी आली होती. गोड, मनापासून काम करणारी, पुण्याची. तिनं दाखवलेला एक पाठ असा, की मुलांनी डोळे मिटायचे आणि समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणायचा. धकाते सरांनी हात वर केला. "ताई, यायनं समुद्र पाह्यला कुठी? फुटाळा तलाव आणला त चालते का?" ती म्हणाली, चालेल की. प्रत्यक्षात फुटाळा डोळ्यांपुढे आणताच अर्ध्या वर्गाला तिथल्या गाड्यांवरचं खाणं आठवलं आणि उरलेला अर्धा वर्ग झोपला. त्यानंतर भावनांचं एक रंगीत चाक होतं. कितीतरी कप्पे. मुलांनी आपली भावना शोधून तिच्यावर बोट ठेवायचं. सर मला येऊन सांगतात, "मॅडम, आपल्या पोट्ट्यायच्या तीनच भावना. बरं आहे, बरं नाही, अन् जा मी नाही सांगत."

तिसरी कुणाची, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

चिंता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा प्रकारही करून झाला. मुलांनी घड्या घालून कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. बरोबरच आहे. अक्षर ओळखू येतं ना! महिना गेला, दीड महिना गेला. मोठ्या मॅडम म्हणू लागल्या की त्या तासाला गणिताची उजळणी घ्यावी काय. मी सरांना विचारलं, "बंद होणार का हो हे?" सर पहिल्यांदाच 'मंग' म्हणाले नाहीत. म्हणाले, "थांबा न जरा. पोळा येऊन राह्यला."

पोळ्याचा इथं काय संबंध, ते मला पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात कळलं.

मी शेजारच्या वर्गात आठवीला पचनसंस्था शिकवत होते. एकाएकी भिंतीपलीकडून आरोळी आली, "घेऊन जा गे मारबत!" माझ्या हातातला खडू पडला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. कागदाची, बांबूची ही भली मोठी बाई, एक पिवळी, एक काळी, आणि मागे अख्खं गाव ओरडत असतं, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" जे नको ते तिच्या गळ्यात घालायचं आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. इतवारीत जन्मलेल्या माणसाच्या रक्तातच असते ती.

पण वर्गात? भर तासाला? मी तणतणत निघाले. आज 'मंग' म्हणू देत, मुख्याध्यापिकांकडेच नेते, असं मनात घोळवत दाराशी पोचले.

दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, टेबलावर रद्दीची आणि घोटीव कागदाची मारबत उभी, पिवळीधम्मक, डोळे वटारलेले. मुलं उभी. एकेकानं ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. लिहायचं काही नाही, हसायचं नाही, विचारायचं नाही.

"बाबाची दारू!" एक पोरगा ओरडला.

"घेऊन जा गे मारबत!"

"भूमितीचे प्रमेय!"

"घेऊन जा गे मारबत!" हे जरा जास्तच जोरात.

"माझ्या ताईच्या सासूले!"

"घेऊन जा गे मारबत!"

आणि मग माझ्या पोरीचा आवाज. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता इतका मोठा.

"परिपाठात माझा आवाज फाटला तेव्हा सगळे हसले, ते हसू!"

पोरांच्या माना खाली. मला क्षणभर वाटलं, आत धावत जावं आणि तिला उचलून घरी न्यावं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका पोराचा आवाज आला, ओशाळलेला, "घेऊन जा गे मारबत." त्यानंतर दुसरा. मग सगळा वर्ग एकदम ओरडला. तेव्हा हसले होते तेच हे सगळे. खिडकीच्या काचा वाजल्या, आणि मी दाराबाहेर पदरानं तोंड दाबून उभी होते.

म्हणजे एवढंच होतं ते! रोज सकाळी परिपाठ, रोज सकाळी पोट. सोनोग्राफीत कुठून दिसणार?

त्या दिवशी घरी येताना स्कूटीवर मागे बसून केतकी बोलली. हेल्मेटमधून मला अर्धंच ऐकू येत होतं, पण गाडी थांबवायची माझी हिंमत झाली नाही. ती गप्प होईल म्हणून घरावरून पुढे निघून गेले आणि पेट्रोल संपेपर्यंत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पोट दुखायचं थांबलं, असं मी सांगणार नाही. अजूनही एखाद्या सकाळी दुखतं. पण आता ती सांगते, का दुखतंय ते. डबा संपवून आणते. धकाते सर, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुमच्या गोंगाटाविरुद्ध मी या जन्मात तोंड उघडणार नाही.

पण त्या तासाचं शेवटचं सांगायचं राहिलं. सगळ्यांचं झाल्यावर पोरं सरांच्या मागे लागली. "सर, तुमचं!"

"माझं काय बे? मी मास्तर."

"नाही सर, तुम्हीबी सांगा! सांगाच!"

सरांनी दुपट्टा काढला, पुन्हा घातला. मारबतीकडे पाहिलं. आणि एवढा लाउडस्पीकर माणूस, हळूच म्हणाला, "रविवार घेऊन जा गे मारबत."

वर्गात एकच कल्ला! "नाही सर! रविवार कायले? रविवार त मस्त असते!" साथ एकानंही दिली नाही. सरही हसले. म्हणाले, "बरं बरं, ठेवा मंग तुमचा रविवार." तास संपला.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या घरात रविवार कसा जात असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. पोरांच्या आलं. पोळ्यानंतरच्या रविवारी केतकी सकाळीच तयार होऊन उभी. "कुठं गं?" तर म्हणे, "सरांकडे. सगळेच चाललेत. मारबतीला दिला नाही न आम्ही रविवार, मग आम्हालाच न्यावा लागेल."

मी तिला घेऊन इतवारीत पोचले तेव्हा दारात सायकलींची गर्दी. सर बनियनवर, खांद्यावर दुपट्टा, चेहरा गोंधळलेला. "काहून आले बे तुम्ही? सुट्टी आहे न आज!" असं खेकसत होते आणि एकेकाला आत घेत होते. पोरं खोलीभर पसरली, कुणी झोपाळ्यावर, कुणी जमिनीवर. सर स्वयंपाकघरात गेले ते बाहेर येईनात. पाहायला गेले तर ओट्यापाशी नुसतेच उभे होते.

"मॅडम," त्यांनी मागे न वळता विचारलं, "जेवाच्या वेळेपर्यंत थांबतीन का हो हे?"

मी म्हटलं, "थांबतील सर. हाकलल्याशिवाय जाणार नाहीत."

"मंग भात टाकतो," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून फळीवरचं सगळ्यात मोठं पातेलं काढायला चढले.