एका पायावरचं मैदान

तोल म्हणजे काय, ते साऱ्या सेलूत फक्त मला कळतं, असं माझं ठाम मत होतं! खो-खोत खांबाला वळसा घेताना अर्धं अंग हवेत असतं, महाराज! पैलवानांचं काय, जोर-बैठका काढायच्या अन् दूध प्यायचं!

परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाच्या जिनिंगचे मालक आबासाहेब यांनी जिनिंगमागची मोकळी जागा खेळाला द्यायचं काढलं. मागणारे तिघे! आमचा खो-खोचा संघ, बन्सीधर पैलवानाची तालीम आणि पाय न टेकता हळू सायकल चालवण्यात पटाईत असलेले माणिकराव. आमच्या जुन्या मैदानावर बाजार बसल्यापासून आम्ही रस्त्यात बैलगाड्या चुकवत खेळत होतो. ही जागा हुकली की संघ मोडलाच!

आबासाहेब म्हणाले, “भांडू नगा. तिघं एका पायावर उभं ऱ्हावा. मी ‘बस’ म्हणस्तोवर जो टिकंल, त्याची जागा!”

मी आमच्या लिंबाजीला बाजूला घेतलं. “आपल्या खेळाचा आवाज आला की खेळाडूचं अंग आपसूक हलतंय. तू गर्दीत ऱ्हा अन् निस्ता आवाज कर!”

“लय डोकं हाय तुला!” लिंबाजी म्हणाला. ते मला माहीतच होतं.

रविवारी ही गर्दी! आम्ही एकेक पाय उचलला. माणिकराव तर बगळ्यासारखे निश्चल. तेवढ्यात गर्दीत सायकलची घंटी वाजली. ट्रिंग! माणिकरावांचे हात ब्रेक दाबायला पुढे गेले, पाय खाली टेकला. बाद!

मग लिंबाजीनं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. बन्सीधर “आलो!” म्हणून गरजला, समोर जो दिसला त्याच्या पायाला भिडला आणि त्याला चीतपट केलं. समोर आबासाहेब होते!

आता उरलो मी एकटा! जागा आमची! पण आबासाहेब आडवे, त्यांचा श्वास अडकलेला. ‘बस’ म्हणणार कोण?

“आबासाहेब, बस म्हणा की वो!” मी एका पायावर ओरडत होतो.

एवढ्यात बन्सीधरची नजर घंटी हातात घेतलेल्या लिंबाजीवर गेली. “आस्सं हाय व्हय!” म्हणत तो माझ्या मागे आला आणि पाठीवर थाप मारून ओरडला, “खो!”

मी सुटलो! मनात काही यायच्या आत कडेच्या लिंबाच्या झाडाला खांब समजून वळसा घालून परत फिरलोसुद्धा! समोर दोघांच्या आधारानं कुणीतरी उठत होतं. मी झेप घेतली, हात लावला. ते पुन्हा आडवे!

“बाद!” मी आनंदानं किंचाळलो.

“बाद? मी?” खालून आबासाहेबांचा आवाज आला. “माझ्याच जाग्यात? चला, निघा समदे! हितं म्या सरकी वाळू घालतो!”

आम्ही अजून बैलगाड्या चुकवतोय. संघातले चौघे तर तालमीत गेले. चूक माझीच, मान्य! पण नियमानं पाहिलं तर आबासाहेब बादच होते!