नागोराव सरांचा पाहुणा

नागोराव सरांच्या घरी गेलं की चहाच्या आधी हातात बॅटरी येते. "धरा जरा. उजेड पंख्यावर न्हाई, कार्डावर." मी विम्याच्या कचेरीत काम करतो. माझा आणि कॉम्प्युटरमधल्या त्या कार्डाचा काडीचा संबंध नाही. पण विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत सरांचा शेजारी म्हणून राहायचं तर बॅटरी धरावी लागते. मी ती वर्षभर धरली.

सर मूळचे हदगावकडचे, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा कॉम्प्युटर कायम पाटावर आडवा, पोट उघडं टाकून पडलेला असतो. त्याचं झाकण काकूंनी केव्हाच गच्चीवर नेलं. उन्हाळ्यात त्यावर सांडगे वाळतात.

नेमकं काय चाललंय ते मला बरंच उशिरा कळलं. सर त्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवतात. तो खरा नसतो, नुसता प्रोग्रॅम. सर त्याला पाहुणा म्हणतात. अशा पाहुण्याला चित्रं दाखवायला एक खोटं, कामचलाऊ कार्ड मिळतं आणि त्यावर मोठे नकाशे हलत नाहीत. सरांना त्याला कॉम्प्युटरच्या डब्यातलं खरं ग्राफिक्स कार्ड द्यायचं होतं. "पाहुण्याला चांगल्या ताटात वाढायचं, आन् आपण बोर्डावरच्या साध्या कार्डावर भागवायचं," असं त्यांचं म्हणणं.

पाहुणा मात्र जेवायला तयार नव्हता. कधी त्याचा पडदा काळा, कधी सरांचाच. एकदा सगळं जुळून आलं तर लाइट गेली. एकदा कार्ड जागचं हलेना, कारण चित्र आणि आवाज असे त्याचे दोन भाग, आणि सर एकट्या चित्रालाच पाठवत होते. "एकाच गटातले हायत दोघं. एकमेकाला सोडून जाईनात," सर कौतुकाने म्हणाले. माझा हात अवघडला होता, त्यामुळे मला कौतुक वाटलं नाही.

काकू आतून म्हणायच्या, "खरी माणसं आली तर उठत न्हाईत. डब्यातल्या पाहुण्याची सेवा करून राहिले."

शेवटी एकदा मी वैतागून म्हणालो, "सर, कशाला हा उद्योग? सरळ दुसरा कॉम्प्युटर घ्या."

सरांनी पेचकस खाली ठेवला. त्यांची मुलगी वैशाली पुण्यात इमारतींचे नकाशे करते. तिचं सॉफ्टवेअर सरांच्या सिस्टीमवर चालत नाही आणि सर आपली सिस्टीम सोडत नाहीत. तिला लागते ती सिस्टीम म्हणजेच हा पाहुणा. गेल्या दिवाळीत ती आली आणि 'इथं माझं काम होत नाही' म्हणून दुसऱ्याच दिवशी निघून गेली.

"दुसरा घेतला की ती तो वरच्या खोलीत नेणार," सर म्हणाले. "दार लावून बसणार. ह्या एकाच डब्यात दोघांचं चाललं, तर तिला इथंच बसावं लागंल. हा पडदा तिचा, हा माझा. ती काम करंल, मी पेपर वाचंन. मधी बोलणार न्हाई मी."

टेबलावर खरंच दोन पडदे होते, दोन कीबोर्ड, दोन माउस. दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर नवी उशी. त्या दिवसापासून मी बॅटरी जरा नीट धरू लागलो.

दिवाळीच्या तोंडावर पाहुणा एकदाचा जेवला. पडद्यावर नकाशातलं एक घर उभं राहिलं, छप्पर आणि खिडक्यांसकट, आणि सर ते माउसने गोल गोल फिरवत बसले. काकूंनी न सांगता चहा आणला.

वैशाली आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाला गेलो. सर एकटेच टेबलापाशी होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. ती काम करून राहिली." आणि वरच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. तिच्या ऑफिसने तिला नवा लॅपटॉप दिला होता, आता कुठूनही काम होत होतं.

"तिला हे दाखवलं का?" मी विचारलं.

"न्हाई. तिचं काम चाललं ना. आपल्याला तेच पाहिजे होतं."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मला वैशालीचा राग आला. पण तिचं तरी काय चुकलं? खाली तिच्यासाठी खुर्ची मांडलीय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती जाऊन आता बरेच दिवस झाले. परवा मी गेलो तर चहा लगेच आला, बॅटरी आली नाही. दोन्ही पडदे चालू होते. मी सवयीने खुर्ची ओढली.

"तिथं नगा बसू. ह्या स्टुलावर बसा," सर म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. "सर, पाहुणा बंद करा की आता. कुणी वापरत नाही."

"बंद केला की कार्ड माघारी येत न्हाई," सर म्हणाले. "खोडच हाय ह्या कार्डाला. मंग सगळंच बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करावं लागतं. राहू द्या."

बोलता बोलता शेजारच्या पडद्यावरचं घर अंधुक होऊ लागलं. सरांनी रिकाम्या खुर्चीवरून हात लांब केला आणि तिचा माउस जरासा हलवला.